अनंताची नवी पानं पिवळी, कळ्या काळ्या पडून गळतायत? खत थांबवा, आधी पाणी बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की वाघोलीला चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत अनंत आहे, आणून दोन वर्षं झाली, पहिल्या पावसाळ्यात पाच-सहा फुलं आली आणि त्यानंतर नवीन येणारं प्रत्येक पान पिवळं, शिरा तेवढ्या हिरव्या, कळ्या हरभऱ्याएवढ्या होतात नि काळ्या पडून गळतात. शेणखत घातलं, अंड्याची टरफलं घातली, केळ्याच्या सालीचं पाणी घातलं, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं वेस्ट पाणी रोज त्याच कुंडीला घालता. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी आहे. एवढी माहिती दिलीत ते फार बरं केलंत, कारण तुमच्या झाडाचं दुखणं या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे.

मी उरुळी कांचनच्या पट्ट्यात २६ वर्षं रोपवाटिका चालवतोय, मूळचा कुडाळकडचा, आणि अनंत, म्हणजे गार्डेनिया, हे झाड मला सगळ्यात जवळचं आहे म्हणून जरा लांबण लागेल, पण सगळं वाचा. घाई असेल तर एवढंच करा की आजपासून आरओचं वेस्ट पाणी आणि अंड्याची टरफलं बंद.

आधी एक खात्री करून घ्या. एक पान देठाशी तोडा आणि बघा. पांढरा चीक आला तर ती डबल तगर आहे, अनंत नाही, आणि अशी तगर अनंत म्हणून विकलेली मी खूप घरांत बघितलीय. चीक नसेल, पान जाड चकचकीत असेल, शिरा आत दबलेल्या आणि पानं समोरासमोर किंवा एका पेरावर तीन असतील तर अनंत. तुमच्या वर्णनावरून अनंतच वाटतोय.

आमच्या गावच्या घरी अनंत होता पडवीच्या कडेला, बरोबर पागोळ्यांच्या रेषेत. कोणी त्याला कधी खत घातलेलं मला आठवत नाही. आई जाता-येता वाळकी फांदी मोडायची एवढंच. मृग लागला की झाड पांढरं व्हायचं, संध्याकाळी अंगणात पाय ठेवला की वास, आणि सकाळी शेजारच्या बायका परडी घेऊन यायच्या. त्याच झाडाची गुटी बांधून मी इकडे आणली, चांगली काळी कसदार माती भरली, बोअरचं पाणी दिलं, आणि दुसऱ्या वर्षी तेच झाड पिवळंधमक. तेव्हा मला वाटलं खत कमी पडतंय. युरिया दिला, डीएपी दिलं, मग हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, आणून चमचा-चमचा कुंडीत टाकलं. पानांच्या कडा करपून काळ्या झाल्या आणि ११ रोपं गेली. ते झाड काय मागतंय हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

अनंत हा कॉफीच्या घराण्यातला. इक्झोरा, बारतोंडी, गेळा, हे सगळे एकाच कुळातले. मूळ गाव दक्षिण चीन, जपान, तैवान, व्हिएतनामकडचे डोंगर, तिथली माती आम्लधर्मी आणि हवा दमट. कॉफीला जे मानवतं ते याला मानवतं. मातीचा पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचं माप (७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी), ५ ते ६ च्या दरम्यान असला की हा खूश, ६.५ पर्यंत चालवून घेतो, ७ च्या वर गेला की उपाशी राहायला लागतो. कोकणातला जांभा आम्लधर्मी, वर चार महिने पागोळ्यांचं पाणी म्हणजे मीठ नाही क्षार नाही असं स्वच्छ पाणी. तुमच्या-माझ्या भागातली काळी माती पीएच साडेसात ते साडेआठ, त्यात चुनखडीचे पांढरे खडे हाताला लागतात. मातीत लोह भरपूर असतं हो, पण चुनखडीत ते असं अडकून बसतं की मुळांना उचलताच येत नाही. लोह मिळालं नाही की पानातलं हरितद्रव्य नीट बनत नाही, आणि लोह जुन्या पानांतून निघून नव्या पानांत जाऊ शकत नाही म्हणून पिवळेपणा कायम शेंड्याच्या कोवळ्या पानांवर आधी दिसतो, शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. हीच तुमची खूण.

उलटं असेल, म्हणजे शेंडा हिरवा आणि खालची जुनी पानं पिवळी, तर गोष्ट वेगळी. ती नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमी असते, किंवा काहीच नसतं, उन्हाळ्याच्या तोंडाला नवी पालवी येताना जुनी थोडी पानं झडतातच. आणि सगळंच झाड एकदम मलूल, पिवळं, माती ओली असून पानं लोंबलेली, तर मुळं कुजतायत, तिथे लोह देऊन उपयोग नाही, पाणी थांबवून कुंडी उपसावी लागते.

आता घरच्या घरी दोन तपासण्या करा. कुंडीतली चमचाभर माती वाळवा, बशीत घ्या आणि वरून व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे, त्या मातीत अनंत कधीच नीट होणार नाही, ती बदलायचीच. दुसरं म्हणजे कुंडीच्या काठाला, बाहेरच्या बाजूला आणि तळातल्या भोकाशी पांढरा थर बसलाय का बघा. बादलीला किंवा गिझरच्या कॉइलला जो पांढरा खर बसतो तोच हा. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट नावाचे क्षार रोज थोडे थोडे करून मातीचा पीएच वर चढवत नेतात, म्हणून झाड आणल्यावर वर्षभर बरं दिसतं आणि दुसऱ्या वर्षी ढासळतं. तुमचं नेमकं हेच झालंय.

आरओचं मशीन काय करतं, पाण्याचा एक भाग गाळून तुम्हाला पिण्याला देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात ढकलतं. आत ६०० टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) पाणी गेलं तर वेस्टच्या नळीतून ९०० च्या वर सहज जातं. म्हणजे आधीच जड असलेलं पाणी आणखी घट्ट करून तुम्ही रोज अनंताला पाजताय, मन लावून, प्रेमाने, आणि झाड त्यानेच आजारी पडतंय. हे पाणी फरशी पुसायला वापरा, संडासात ओता, बोगनवेलीला किंवा नारळाला एखादवेळ चालेल, पण अनंत, इक्झोरा, कॅमेलिया, अझेलिया यांना थेंबसुद्धा नको. सोसायटीत सॉफ्टनर प्लांट असेल तर तेही पाणी नको, त्यात कॅल्शियम काढून सोडियम घातलेला असतो, भांड्याला खर बसत नाही म्हणून आपल्याला पाणी चांगलं वाटतं पण बायकार्बोनेट तसेच राहतात आणि वर सोडियम झाडाला आणखी त्रास देतो.

मग कुठलं पाणी? सगळ्यात उत्तम पावसाचं. त्याच्या खालोखाल एसीच्या नळीतून ठिबकणारं, उन्हाळ्यात एक एसी रोज बादलीभर देतो आणि ते जवळजवळ क्षाररहित असतं, साठवून घाला. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं किंवा मुंबईत तलावांचं पाणी येत असेल तर ते मुळात मऊच असतं, क्लोरीनसाठी रात्रभर उघडं ठेवलं की झालं. म्हणूनच कोथरूडच्या बाईंचा अनंत हिरवागार आणि वाघोलीच्या बाईंचा पिवळा, दोघींनी एकाच दिवशी माझ्याकडून नेलेला, असं मी खरंच बघितलंय. आणि बोअरशिवाय दुसरं काहीच मिळत नसेल तर ते आंबट करून घ्यायचं. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, १० लिटरच्या बादलीला २ ग्रॅमपासून सुरू करा, म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याच्या आतच. ढवळा, दहा मिनिटं थांबा, पीएचची पट्टी बुडवा. ६ ते ६.५ दाखवली की बास. नसेल येत तर ३ ग्रॅम करा, फार जड पाण्याला जरा जास्त लागेल. पट्टीचं पुस्तक शंभर-दीडशेला येतं, अंदाजपंचे करण्यापेक्षा ते घ्याच. लिंबूसत्व नसेल तर दोन रसदार लिंबं एका बादलीला. आणि हे रोज, कायम, एकदा करून सोडून दिलं तर काही फायदा नाही.

ताकाबद्दल सगळे विचारतात. पातळ ताक महिन्यातून एकदा दिलं तर नुकसान नाही, पण रोज घातलेल्या बोअरच्या पाण्यापुढे ते टिकत नाही, आणि गच्चीत मुंग्या नि वास होतो तो वेगळा. गंजलेले खिळे कुंडीत रोवणारेही भेटतात, त्याचा काही उपयोग होत नाही, गंज पाण्यात विरघळतच नाही तर मुळं पिणार काय. अंड्याची टरफलं म्हणजे शुद्ध चुना, चुलीची राख तशीच अल्कधर्मी, आणि बोनमीलमध्ये कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही, फॉस्फरस जास्त झाला की लोह आणखी अडकतं. टोमॅटोला, गुलाबाला या गोष्टी चालतात म्हणून लोक अनंतालाही घालतात. गच्चीत काही सिमेंट-चुन्याचं काम झालं असेल तर ती धूळही कुंडीत गेलीये का बघा. केळ्याच्या सालीच्या पाण्याने बिघडत काही नाही, पण पिवळेपणावर ते औषध नव्हे, आणि आंबलं की चिलटं होतात.

लोह द्यायचं कसं ते सांगतो, इथेच जास्त चुका होतात. बाजारात चिलेटेड आयर्न, म्हणजे मातीत अडकून बसू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह, दोन प्रकारचं मिळतं. एक ईडीटीए, पिवळट पावडर, स्वस्त, सगळीकडे मिळते, पण मातीचा पीएच साडेसहाच्या वर असला की मातीत घालून फुकट जाते. तिची फवारणी करायची, १ लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनेसुद्धा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. दुसरं ईडीडीएचए, महाग आहे, गडद विटकरी-काळे दाणे असतात आणि पाण्यात टाकले की पाणी एकदम कोकमाच्या आगळासारखं लाल होतं, तीच त्याची ओळख. हे चुनखडीच्या मातीतही काम करतं. १२ इंची कुंडीला २ ग्रॅम, लिटरभर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत ओता. वरून लगेच थोडं साधं पाणी द्या म्हणजे खाली मुळांपर्यंत उतरेल. मी तुमच्या जागी असतो तर आता एकदा ईडीडीएचए मातीतून आणि सोबत ईडीटीएची फवारणी, दोन्ही केलं असतं. दोन-तीन आठवड्यांत नवी येणारी पानं हिरवी दिसायला लागतात. पण पाणी बदललं नाही तर दोन महिन्यांनी परत पिवळी, आणि मग लोक म्हणतात औषध खोटं निघालं. हिराकस चमच्याने टाकू नका, माझी ११ रोपं त्यानेच गेली.

लोह द्यायच्या आधी कुंडी एकदा धुऊन काढा. एसीचं किंवा आंबट केलेलं पाणी हळूहळू ओतत राहायचं, कुंडीच्या मापाच्या तिप्पट तरी, खालून मोकळं वाहून जाऊ द्यायचं. साठलेले क्षार बरेच निघून जातात.

आता माती. पण आत्ता कुंडी बदलू नका, वैशाखाच्या उन्हात मुळांना हात लावायचा नाही, पाऊस नीट लागला आणि हवेत गारवा आला की मग. तोपर्यंत वरचं दोन इंच काढून तिथे पालापाचोळ्याचं खत भरा.

पावसात झाड उपसाल तेव्हा एक गोष्ट जवळून बघा. बहुतेक नर्सऱ्यांत अनंताची रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, ट्रकमधून, प्रत्येक रोपाच्या मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा थापलेला असतो. प्रवासाला तो लागतो, नाहीतर रोप सुकेल. पण घेणाऱ्याला कोणी सांगत नाही की हा गोळा पुढे सोडवावा लागतो, आणि तो तसाच कुंडीत जातो, आजूबाजूला कितीही छान माती भरली तरी मधे तो गोळा दगडासारखा. वरून घातलेलं पाणी गोळ्याच्या बाजूने निसटून खाली जातं, भोकातून पाणी आलं की आपल्याला वाटतं झाड पाणी प्यालं, आत गोळा कोरडा ठणठणीत, नाहीतर एकदा भिजला की आठ दिवस चिकट चिखल. मी परवाच एक तीन वर्षांचं झाड उपसलं, गोळा तसाच आत होता, एकही पांढरं मूळ त्यातून बाहेर आलेलं नव्हतं, नुसती तपकिरी दोऱ्यासारखी मुळं गोळ्याला गुंडाळलेली, आणि गोळा फोडला तर आतला वास नासक्या पाण्याचा.

तर काय करायचं, झाड काढून टबात पाण्यात दोन तास ठेवायचं, मग बोटांनी चोळून चोळून गोळा विरघळवायचा, पाइपची धार मऊ सोडायची. सगळा एकदम काढायचा अट्टहास नको, अर्ध्याहून जास्त निघाला तरी चालेल. काळी मऊ झालेली मुळं कात्रीने काढा. मिश्रण माझं असं आहे: दोन भाग कोकोपीट, एक भाग लाल जांभ्याची माती, एक भाग पालापाचोळ्याचं मुरलेलं खत, अर्धा भाग भाताचं तूस किंवा बारीक खडी, आणि मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. लाल मातीलाही व्हिनेगरची परीक्षा लावा, लाल दिसली म्हणजे ती आम्लधर्मीच असं नसतं. शेणखत घालायचं तर वर्षभर कुजलेलं आणि मूठभरच. खोडाचा जो भाग आधी मातीच्या वर होता तो वरच राहिला पाहिजे, उलट अर्धा इंच उंच लावा, खोड पुरलं की कुजतं. मग पंधरा दिवस सावलीत, पानांवर पाणी शिंपडत. याच वेळी मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. अनंताला हा त्रास बराच होतो, अमेरिकेत फ्लोरिडाकडे तर यासाठी गार्डेनिया थुनबर्जिया नावाच्या दुसऱ्या जातीच्या खुंटावर कलम केलेलाच अनंत विकतात. आपल्याकडे गाठीवाली मुळं छाटून टाका, माती पूर्ण नवी घ्या, निंबोळी पेंड वाढवा, जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

कळ्यांकडे येतो. कळी गळायला एकच कारण नसतं आणि बऱ्याचदा तीन-चार एकत्र असतात. पहिलं म्हणजे झाड उपाशी असेल तर ते कळी पोसत नाही, आधी स्वतःला वाचवतं, तुमच्याकडे हे आहेच. दुसरं पाण्याची ओढाताण. चौथ्या मजल्यावरची गच्ची, मे महिना, चाळीस अंश, कठड्याची भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली, त्यात कुंडी एक दिवस कोरडी पडली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही घाबरून दोनदा पाणी घातलंत की कळी गेलीच. सकाळी लवकर पाणी, बोट पेरभर मातीत घालून बघायचं, वरचं कोरडं लागलं की द्यायचं, वर सुक्या पानांचं आच्छादन ठेवायचं. कुंडी भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, पण ते आत्ता नको, कारण तिसरं कारण तेच आहे, कळ्या धरलेलं झाड हलवायचं नाही. एका मे महिन्यात मला वाटलं की ऊन फार झालं म्हणून कळ्यांनी लगडलेल्या ४० कुंड्या मी शेडनेटखाली नेऊन ठेवल्या, तिसऱ्या दिवशी सकाळी खाली हिरव्या कळ्यांचा सडा. झाड आहे तिथेच राहू द्या आणि सावली झाडाकडे आणा, पश्चिमेच्या बाजूला ५० टक्क्यांची हिरवी जाळी बांधा.

चौथं फुलकिडे. एक कळी पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका, तांबूस रेघांसारखे बारीक जीव धावताना दिसले की तेच. कळी बाहेरून बरी दिसते, उघडून बघितली तर आतून तपकिरी. १५०० पीपीएमचं निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, दोन थेंब भांडी घासायच्या लिक्विडचे, संध्याकाळी, आठवड्याने परत. निळे चिकट सापळे कुंडीच्या वर लटकवा.

ऊन किती? सकाळचं चार-पाच तास, अकरापर्यंतचं, हे सर्वात छान. लोक म्हणतात अनंत सावलीतलं झाड, सावलीत पानं सुंदर राहतात हो, पण फुलं येत नाहीत. आणि कळी धरायला रात्री गार लागतात, १५ ते १८ अंशांपर्यंत उतरणाऱ्या, त्या आपल्याला हिवाळ्यात मिळतात, म्हणून त्या दिवसांत शेंड्यांना कात्री लावायची नाही. छाटणी फुलं संपल्या संपल्या, जुलैअखेर, फार तर श्रावणात. ऑक्टोबरनंतर छाटलंत तर पुढच्या वर्षीची फुलंच छाटलीत असं समजा. छाटल्यावर नवी फूट यायला लागली की अमोनियम सल्फेट लिटरला १ ग्रॅम, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा, हे खत नत्रही देतं आणि मातीचा आम्लपणाही राखतं. युरिया-डीएपीच्या मागे लागू नका.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण बघत राहा, पानाच्या बेचक्यात कापसासारखा. मुंग्या वर-खाली करताना दिसल्या की समजा तो किंवा मावा आलाय, आणि मग पानांवर काजळी चढते. सुरुवातीला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं.

एक पाहुणी मात्र तुम्हाला घाबरवेल. पावसाळ्यात एखाद्या सकाळी बघाल तर कालपर्यंत भरलेली फांदी नुसती काडी, पानं देठापर्यंत फस्त, आणि खाली फरशीवर मिऱ्यांएवढ्या काळसर गोळ्या. त्या गोळ्या जिथे पडल्यात त्याच्या बरोबर वर बघा. करंगळीएवढी जाड हिरवीगार अळी, शेपटाकडे शिंगासारखा एक काटा, पानाच्या रंगात इतकी मिसळलेली की पाच मिनिटं टक लावून बघावं लागतं. काटा दिसायला भयानक, पण टोचत नाही. ही कॉफीवरही असते, गेळ्यावरही. हिच्यापासून जो पतंग होतो तो दिवसा उडतो, पंख काचेसारखे आरपार, भुंग्यासारखा गुंजत फुलापुढे हवेत थांबून सोंडेने मध पितो. कोशातून निघाल्यावर त्याच्या पंखांवर राखाडी भुकटी असते आणि पहिल्याच उड्डाणात ती झडते नि पंख पारदर्शक होतात, हे मी एकदा शेडमध्ये समोर उभं राहून बघितलंय, दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. फवारणी करू नका, दोन-तीनच अळ्या असतात, काडीवर घेऊन बाजूला न्या. मी आवारात एक गेळा त्यांच्यासाठीच राखलाय. झाड मोठं असेल तर तसंच राहू दिलंत तरी महिन्याभरात नवी पानं येतात.

दुसरं रोप करायचं असेल तर जुलैत, पण या झाडाची फांदी आत्ता घेऊ नका, आधी ते हिरवं होऊ द्या. निरोगी झाडाची पेन्सिलपेक्षा बारीक, अर्धवट पक्की, चार-पाच इंची काडी, खालची पानं काढून वरची अर्धी कापून, वाळू-कोकोपीटमध्ये, वरून प्लॅस्टिकची पिशवी, सहा ते आठ आठवडे. पावसाच्या पाण्याने भरलेल्या बाटलीतसुद्धा मुळं फुटतात, मुलांना दाखवायला छान. गुटी जास्त खात्रीची, इंचभर साल गोल काढून ओलं शेवाळ आणि प्लॅस्टिक, तेवढेच आठवडे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की बहिणीला न्यू जर्सीत लावायचाय. तिथे बाहेर हिवाळा काढणं कठीण, कुंडीतच ठेवावा लागेल, थंडीत घरात घेतला की हीटरच्या कोरड्या हवेने कळ्या गळतात आणि लाल कोळी येतो, म्हणून खडे-पाणी भरलेल्या ताटात कुंडी ठेवायची आणि हीटरपासून लांब, दक्षिणेच्या खिडकीत. जॉर्जिया-कॅरोलिनाकडे मात्र तो जमिनीत कुंपणासारखा वाढतो. गार्डेनिया हे नावच मुळी तिथल्या चार्ल्सटनमध्ये राहणाऱ्या अलेक्झांडर गार्डन नावाच्या डॉक्टरांवरून १७६१ मध्ये ठेवलेलं आहे.

आणि फूल उमलल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळसर होतं, तो रोग नाही, ते तसंच असतं. पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो, म्हणून देठाला धरून, संध्याकाळी हिरवट पीळ सुटायला लागलेली कळी काढायची आणि पाणी घातलेल्या वाटीत ठेवायची, रात्री ती वाटीतच उघडते.

तर आज वेस्टची नळी दुसरीकडे वळवा, टरफलं वेचून काढा, उद्या कुंडी धुवा, परवा लोह. उरलेल्या कळ्यांतल्या काही यंदाही गळतील, त्याने हिरमुसू नका, यंदा आपण फुलं नाही, पानं कमावतोय. पाऊस सुरू झाला की पहिल्या दोन सरी धुळीच्या असतात त्या सोडून द्या, मग गच्चीतल्या सगळ्या बादल्या, घमेली, पातेली बाहेर काढा आणि झाकणाच्या पिंपात साठवा, वरून एक जुनं कापड बांधा म्हणजे डास होणार नाहीत. आणि आज शेंड्यावर जे सगळ्यात वरचं पिवळं पान आहे त्याच्या देठाला एक दोरा बांधून ठेवा. वीस-पंचवीस दिवसांनी दोऱ्याच्या वर आलेली जोडी आणि खालची जोडी शेजारी धरून बघा, वरची गडद असेल तर याच वाटेने चालत राहा, आणि तशीच फिकट असेल तर लिंबूसत्व घातलेल्या पाण्याची पट्टी काय दाखवते ते मला कळवा, तिथून पुढे बघू.